अंगणातली गणती

सौदीतल्या अबकैकच्या त्या घरात पूर्ण शांतता अशी कधी नसायची. तेलावर प्रक्रिया करणारा कारखाना दोन-तीन मैलांवर होता आणि त्याची एकसुरी घरघर भिंतींतून, पलंगाच्या पायांतून, पाण्याच्या पिंपातूनसुद्धा ऐकू यायची. पहिले पंधरा दिवस मला वाटत होतं, की मागच्या गल्लीत पिठाची गिरणी आहे. मी तसं विचारलं तेव्हा अण्णा हसले नाहीत. ते त्याच कारखान्यात एका ठेकेदाराकडे इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होते. दाबाचे आणि तापमानाचे काटे तपासणं हे त्यांचं काम. ते म्हणाले, "आवाज चालू आहे तोवर सगळं ठीक. बंद झाला तर मात्र मला उठवायचं." पुढे कित्येक महिने मी झोपेतही त्या आवाजाकडे कान ठेवून असे. जबाबदारी मिळाली की मला बरं वाटायचं. अजूनही वाटतं.

घर म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि पुढे पुरुषभर उंच भिंतीने वेढलेलं सिमेंटचं अंगण. अंगणात आईने तुपाच्या रिकाम्या डब्यांत कढीपत्ता आणि ओवा लावला होता. वाळू रोज झाडली तरी रोज यायची, दाराच्या फटीतून, खिडकीतल्या एसीच्या कडेने, आणि पोळीत एखादा कण दाताखाली आला की अण्णा म्हणायचे, "आज सौदीचं मीठ जरा जास्त पडलंय." आई पुढची पोळी वाढायची. ती मुळात कमी बोलणारी. चिपळूणची, सातवीपर्यंत शिकलेली, हाताला चव असलेली. गुरुवारी ती चण्याचं पीठ भाजून ठेवायची, कारण शुक्रवारच्या सुट्टीला अण्णांना पिठलं लागायचं. त्या भाजणीचा वास आणि घरघर ही माझ्या डोक्यात आता एकच गोष्ट झाली आहे.

मी इथे सरसकट आई आणि अण्णा असं लिहिते आहे. त्या वेळी आम्ही त्यांना तसं म्हणत नव्हतो. मी तेरा वर्षांची होते, माझा भाऊ बाळू नऊ वर्षांचा, आणि आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावच्या बालकाश्रमातून आलो होतो. आश्रमात मोठ्या माणसांत फक्त बाया असायच्या आणि त्या सगळ्यांना "बाई" म्हणायचं असायचं, म्हणून आम्ही आईलाही बाई म्हणत होतो. अण्णांना काय म्हणायचं ते न ठरल्यामुळे काहीच म्हणत नव्हतो. ते वळून बघेपर्यंत समोर उभे राहायचो. आई एकदा म्हणाली, "बाई शाळेत असते गं. इथे कुठली बाई?" मी म्हणाले, "हो बाई." तिने विषय सोडून दिला.

ते दोघं एक लहान मुलगा बघायला आश्रमात आले होते. हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण पाहुण्यांना चहा नेऊन देण्याचं काम माझं होतं आणि चहा देताना बोलणं थांबत नसे. बाळूने कविता म्हणून दाखवली, त्यांना तो आवडला. मग आश्रमाच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "त्याला एक बहीण आहे. आम्ही भावंडं तोडत नाही." आईने विचारलं, "कुठे असते ती?" मोठ्या बाई म्हणाल्या, "तीच. तुमच्या हातात कप देतेय ती." मी लगेच ट्रे खाली ठेवून दोन्ही हात पुढे केले, कारण पाहुण्यांना नखं दाखवायची पद्धत होती. आईने नखं पाहिली नाहीत. एक घोट घेऊन ती म्हणाली, "चहा चांगला झालाय." पुढच्या वर्षीच्या रजेत कोर्टाचे कागद झाले आणि त्यानंतरच्या जूनमध्ये आम्ही विमानात बसलो. सगळं नीट, कायद्याने. तरी माझा हिशेब साधा होता. हवा होता बाळू. कपाबरोबर बशी येते तशी मी आले होते. त्याचं मला वाईट वाटत नव्हतं. आश्रमातल्या कित्येक मुलींना कोणी बशी म्हणूनही नेलं नाही. उपकार कशाला म्हणायचं हे मला तेव्हाच नीट कळत होतं.

आश्रमातून आम्ही कपडे फारसे आणले नव्हते, सवयी मात्र सगळ्या आणल्या. तिथे प्रत्येक मोठ्या मुलीला जोडीला एक लहान मूल दिलेलं असायचं. त्याचं जेवण पुरतं झाल्याशिवाय मोठीने ताटाला हात लावायचा नाही. माझ्या जोडीला बाळूच होता. अबकैकच्या घरात आई चार ताटं एकदम वाढायची आणि मी माझं ताट समोर ठेवून बाळूकडे बघत बसायची. बाळू मुद्दाम हळू जेवायचा. "जेव की शकू, निवतंय," आई म्हणायची. मी म्हणायची, "त्याचं होऊ दे." आई मग आपल्या ताटाकडे बघून जेवायची. तिला ते लागत असे हे आज कळतं. तेव्हा मला वाटायचं, आपण शिस्तीत वागतोय.

दुसरी सवय ओळीची. कोणीही घरात आलं की आम्ही दोघं भिंतीला पाठ लावून उंचीप्रमाणे उभे राहायचो. शेजारी हमिदाखाला राहायच्या, रत्नागिरीकडच्या, त्यांचे यजमान कंपनीच्या भटारखान्यात होते. त्या दिवसातून दोनदा यायच्या, म्हणजे आम्ही दोनदा ओळ करायचो. एकदा त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अगो नलिनी, तुझी पोरां अशी भितीला चिकटून का? मी काय पोलीस हाय?" मग बाळूला, "काय रे, चोरी केलीस?" बाळू म्हणाला, "अजून नाही." हमिदाखाला इतक्या हसल्या की हातातल्या वाटीतलं खोबऱ्याचं वाटण सांडलं. त्या दिवशी त्या आईला हळूच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गो. भीत आपोआप सोडतील." आई म्हणाली, "मी काही बोलले का?" "नाय बोललीस म्हणूनच सांगत्येय."

आणि तिसरी गोष्ट, जिच्यावर हे प्रकरण फिरतं, ती भोंग्याची. आमच्या गावच्या नगरपालिकेचा भोंगा रोज संध्याकाळी सातला वाजायचा. गावातली माणसं त्यावर घड्याळं लावायची. आश्रमात भोंगा म्हणजे गणती. हातातलं काम टाकून अंगणात यायचं, लहान पुढे, मोठी मागे, आणि मोठ्या बाई लहानापासून मोजत यायच्या. आजारी असलेल्यांना "दवाखान्यात" असं म्हणून मोजायचं, म्हणजे आकडा पुरा व्हायचा. गणती पुरी झाल्याशिवाय कोणी हललं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू, आणि तोवर कोणालाच जेवण नाही. मी सात वर्षं रोज त्या ओळीत उभी होते. बाळूला तर आठवतं तेव्हापासून संध्याकाळ म्हणजे तेवढंच होतं.

नव्वद सालच्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं. आमच्या घरात ते रेडिओतून आलं आणि रेडिओतच राहिलं, निदान काही आठवडे. मग रस्त्यावर मोठमोठे ट्रक दिसू लागले, दुकानातून बॅटऱ्या आणि दुधाची पावडर गायब झाली, आणि मुख्य म्हणजे कचेऱ्या अडून बसल्या. माझा पासपोर्ट तेव्हा अशाच एका कचेरीत होता. बाळू लहान म्हणून आईच्याच पासपोर्टवर होता, त्यामुळे अण्णांच्या इकाम्यावर, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्यावर, त्याचं नाव आईबरोबर चढलं. माझा पासपोर्ट वेगळा, कागद वेगळे, त्यांचं अरबी भाषांतर वेगळं. अण्णा दर आठवड्याला कामावरून तिकडे जायचे आणि परत येऊन चप्पल काढता काढता म्हणायचे, "बुकरा." बुकरा म्हणजे उद्या. बाळू त्यांच्या मागून चालत तसाच आवाज काढून म्हणायचा, "बुकरा, इन्शाल्ला." अण्णा वळून त्याला टपली मारायचे. मी हसत नसे. माझ्या एका नावामुळे मोठ्या माणसाला खेटे घालावे लागतात, हे मला बरं वाटत नव्हतं.

डिसेंबरात लोक बायका-मुलांना गावी पाठवू लागले. हमिदाखालांना त्यांच्या मुलाने बोलावून घेतलं. जाताना त्या आईला सुक्या बोंबलांची पिशवी आणि आपला प्रेशर कुकर देऊन गेल्या आणि मला म्हणाल्या, "आयशीला बघ." मी मान हलवली. कोणाची आई, असं क्षणभर मनात आलं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी भांडी विसळत होते आणि पलीकडच्या खोलीत ते दोघं बोलत होते. दार उघडं होतं. लपून ऐकल्यासारखं ते नव्हतं.

अण्णा म्हणाले, "तू बाळूला घेऊन जा. जागा मिळतेय तोवर जा."

"आणि शकू?"

"तिचा पासपोर्टच हातात नाही. पासपोर्टाशिवाय विमानात कसं घेतील? तिचं मी बघतो."

"बघतो म्हणजे काय?"

अण्णांनी रेडिओचा आवाज कमी केला.

"तुम्ही बारा-बारा तास ड्यूटीवर. पोर इथे एकटी या चार भिंतींत. आणि बघतो."

"मग काय करू सांग. तुम्ही दोघांनी थांबायचं का एकीसाठी?"

मी नळ बंद केला. मला उत्तर ऐकायचं होतं. आई म्हणाली, "मला विमानात मळमळतं. मी काही आत्ता जात नाही." आणि ती उठून भाजी निवडायला घेऊन बसली.

या उत्तराने माझं समाधान झालं नाही. तिला खरंच मळमळायचं. येताना तिने तीन पिशव्या भरल्या होत्या. आजही मी या वाक्याकडे पुष्कळदा परत जाते. पुढे युद्ध संपल्यावर पासपोर्ट मिळाला, आम्ही चिपळूणला आलो, मी मराठी माध्यमातून दहावी झाले आणि मग बी.कॉम. अण्णा आयटीआयपर्यंत, आई सातवीपर्यंत, आणि माझ्या जन्माच्या घरात कोणी शाळेची पायरी चढलं होतं की नाही हे सांगायलाही कोणी उरलेलं नाही. पदवीचा कागद घेऊन आले तेव्हा आईने तो देवापुढे ठेवला आणि विचारलं, "आता याचं भाषांतर नाही ना करायचं?" एवढंच. तिच्या बोलण्यात मोठं काही सापडत नाही. ते तिच्या करण्यात शोधावं लागतं, आणि ते मला तेव्हा येत नव्हतं.

जानेवारीत कंपनीने विषारी वायूपासून वाचण्यासाठी मास्क वाटले. इकाम्यावर जेवढी नावं तेवढे मास्क. अण्णांनी तीन खोकी आणून टेबलावर ठेवली. काळं रबर, डोळ्यांना दोन गोल काचा, तोंडाशी डबा. बाळूने एक लगेच घातला आणि आतून डुकरासारखा आवाज काढला. अण्णा म्हणाले, "एक माझ्याबरोबर प्लांटवर. दोन घरात." घरात आम्ही तिघं होतो. हे सगळ्यांना दिसत होतं आणि कोणीच म्हटलं नाही. अण्णा दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले आणि येऊन त्यांनी चप्पल काढली. "बुकरा" म्हणाले नाहीत. मग त्यांनी आतल्या खोलीच्या खिडकीला प्लास्टिक लावलं, चारही कडांना चिकटपट्टी मारली, दाराखाली घालायला टॉवेल आणि बादलीत पाणी ठेवलं. म्हणाले, "सायरन झाला की इथे यायचं, मास्क घालायचे, टॉवेल ओला करून फटीत कोंबायचा." आम्ही दोनदा सराव केला. ते टाळी वाजवायचे आणि आम्ही धावायचो. दोन्ही वेळा मी बाळूला मास्क चढवला, टॉवेल कोंबला आणि कोपऱ्यात ओला रुमाल नाकाला लावून बसले. दुसरा मास्क आईचा, यात मला शंका नव्हती. इकाम्यावर तिचं नाव होतं. दुसऱ्या सरावाला आईने तो हातात घेतला, पट्टे उलटेपालटे करून बघितले आणि घातला नाहीच. "रबराचा वास येतो," म्हणाली.

सरावात एकच गोष्ट राहिली होती. टाळी होती, आवाज नव्हता.

तो आवाज आला तेव्हा अण्णा ड्यूटीवर होते. नुकतं अंधारलं होतं. आईने पिठल्याला फोडणी दिली होती आणि मी खुबूस, तिथली जाड गोल रोटी, फडक्यात गुंडाळत होते. बाळू जमिनीवर बसून पाढे लिहीत होता. आधी तो आवाज लांबून, खालच्या सुरात आला, मग चढत गेला, आणि चढून तिथेच थांबला. आमच्या गावचा भोंगा अगदी असाच चढायचा. बाळूने पेन्सिल टाकली आणि तो उठून दार उघडून अंगणात गेला. मीही गेले. मला युद्ध माहीत होतं, सायरन म्हणजे काय ते माहीत होतं, चिकटपट्टी लावायला मीच मदत केली होती. तरी माझ्या हातातली रोटी ओट्यावर गेली आणि मी बाहेर आले, आणि बाळूच्या मागे, दाराकडच्या बाजूला, हात सरळ सोडून उभी राहिले. थंडी होती. भिंतीवरून कारखान्याच्या ज्वाळेचा नारिंगी उजेड येत होता. मला भीती वाटली नाही. उलट, आल्यापासून पहिल्यांदाच काय करायचं ते मला नक्की माहीत होतं.

आई दारात आली. "अरे आत या. शकू, आत घे त्याला." तिचा आवाज चिरकला होता. मी भानावर आले आणि बाळूचा दंड धरला. तो हलेना. त्याने दोन्ही पाय सिमेंटवर रोवले होते. "गणती व्हायचीये," तो म्हणाला. मी ओढलं तर तो किंचाळला, "हलू नको, पुन्हा पहिल्यापासून होईल." आणि मी त्याला सोडलं. एवढी वर्षं तीच गोष्ट मी त्याला शिकवली होती.

आई आत गेली. मला वाटलं, गेली. ती परत आली ती दोन्ही मास्क घेऊन. तिने एकदा वर आकाशाकडे बघितलं, मग बाळूला मास्क चढवला. मग माझ्याकडे वळली. मी म्हणाले, "तो तुमचा आहे, बाई." ती म्हणाली, "मान खाली कर." मास्क डोक्यावर बसला आणि ती पट्टे ओढायला थांबली नाही. ओढायची गरजच नव्हती. पट्टे माझ्या डोक्याच्या मापाला आधीच आवळून ठेवलेले होते. आईचं डोकं मोठं, केस दाट, भला मोठा अंबाडा. तिच्या डोक्यावर तो मास्क त्या दिवशी चढलाच नसता.

मग तिने पदर ओढून नाकावर धरला आणि दुसरा हात माझ्या डोक्यावर ठेवला. "एक," ती म्हणाली. बाळूच्या डोक्यावर हात ठेवून, "दोन." मग ती त्याच्या पुढे जाऊन, आमच्याच ओळीत, पाठमोरी उभी राहिली आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाली, "तीन."

मास्कच्या आतून बाळूचा घोगरा आवाज आला, "आणि ते?"

"चार. ड्यूटीवर. झाली गणती. खलास. यल्ला, आत."

बाळू आत पळाला.

आश्रमात गणती लहानापासून व्हायची. आई दाराकडून आली आणि दाराजवळ मी होते, म्हणून माझ्यापासून सुरू झाली असेल. मी तिला हे कधी विचारलेलं नाही.

आतल्या खोलीत आम्ही किती वेळ बसलो ते सांगता येत नाही. आई ओल्या टॉवेलचं टोक नाकाला लावून दाराशी बसली होती, मास्कच्या काचांतून ती मला पाण्याखाली असल्यासारखी दिसत होती. लांब कुठेतरी दोन धडाके झाले. नंतर कळलं, की इराकचं क्षेपणास्त्र पुष्कळ दूर वाळूत पडलं. मी घरघर ऐकत होते. ती थांबली नव्हती. धोका टळल्याचा सायरन झाल्यावरही आईने आम्हाला आणखी थोडा वेळ मास्क काढू दिले नाहीत, आणि मग काढले तेव्हा आम्हा तिघांना एकदमच वास आला. पिठलं तळाला लागलं होतं.

तिने गॅस बंद केला, वरचं वरचं पिठलं काढलं आणि तीन ताटं वाढली. बाळू जेवायला लागला. मी माझं ताट समोर ठेवून बसले. आईनेही आपलं ताट समोर ठेवलं आणि हात मांडीवर घेतले. बाळू जेवत राहिला. काही वेळाने मी विचारलं, "तुम्ही का नाही जेवत?"

"नियम आहे ना तुमचा. जोडीच्या लहानाचं झाल्याशिवाय मोठीने जेवायचं नाही."

"बाळू जेवतोय ना."

"बाळू तुझ्या जोडीला. माझ्या जोडीला तू." तिने खुबूसचा तुकडा मोडून माझ्या ताटात ठेवला. "आणि मला सकाळपासून भूक आहे, शकू. लवकर आटप."

बाळूचं ताट अर्धं भरलेलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि पहिला घास घेतला. पिठलं करपलेलं होतं.